मोठी गाठ निर्दोष, छोटी दोषी: फायब्रॉइडवरची शस्त्रक्रिया निवडताना

वय ३८, वजन ५४ किलो, एक मूल, नऊ वर्षांपूर्वी सिझेरियनने झालेले. वर्षभरापासून पाळी आठ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस अंगावरून इतके जाते की दीड-दोन तासांत पॅड भिजतो आणि गुठळ्या पडतात. जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन ७.२. सोनोग्राफीच्या कागदावर एवढेच: गर्भाशय वाढलेले, अनेक फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूच्या, कर्करोग नसलेल्या गाठी), सर्वांत मोठा ७.४ सेंमी. सल्लाही तितकाच आखूड: पिशवी काढून टाका. दुसरे मूल हवेच असा बाईंचा आग्रह नाही, पण ती शक्यता आज कुणी मोडून टाकावी हेही त्यांना मान्य नाही.

हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसणारी परिस्थिती एकत्र करून ते मांडले आहे. आकडे अशा रुग्णांत अपेक्षित असतात तसेच ठेवले आहेत.

आधी अहवाल पुरा करून घेणे

‘अनेक फायब्रॉइड’ या शब्दांवर कोणतीही शस्त्रक्रिया ठरवता येत नाही. गाठी किती, प्रत्येकीची तिन्ही मापे काय, ती गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला टेकते का, आणि तिच्या मागे बाहेरच्या आवरणापर्यंत किती मिलिमीटर स्नायू शिल्लक आहे, हे अहवालात आले पाहिजे. यासाठी फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची २०११ची वर्गवारी वापरतात. ० म्हणजे गाठ देठाने पोकळीत लोंबते. १ म्हणजे निम्म्यापेक्षा कमी भाग स्नायूत, २ म्हणजे निम्मा किंवा जास्त. ३ पूर्ण स्नायूत पण अस्तराला टेकलेली, ४ पूर्ण स्नायूतच. ५ आणि ६ बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, ७ बाहेर देठावर, आणि ग्रीवेसारख्या (गर्भाशयाच्या मुखासारख्या) इतर जागच्या गाठी ८ मध्ये.

या बाईंची तपासणी पाळीच्या आठव्या दिवशी, अस्तर पातळ असताना, योनीमार्गे सोनोग्राफीने पुन्हा झाली. बारीक नळीतून ८ मिली सलाईन पोकळीत सोडल्यावर चित्र बदलले. ७.४ सेंमीची गाठ मागच्या भिंतीत, प्रकार ५; अस्तर तिच्यापासून ६ मिमी दूर आणि पोकळीचा आकार शाबूत. पुढच्या भिंतीवर मध्यभागी मात्र २.४ सेंमीची गाठ पोकळीत डोकावत होती: प्रकार १, साधारण ३० टक्के भाग स्नायूत, मागे ११ मिमी स्नायू शिल्लक. शिवाय दीड सेंमीच्या दोन गाठी, प्रकार ४.

पहिल्या सोनोग्राफीत ही छोटी गाठ सुटली, कारण ती सोनोग्राफी पोटावरून, भरलेल्या मूत्राशयातून केली होती आणि अस्तर जाड होते. गुठळ्या पडण्याइतक्या रक्तस्रावामागे बहुतेक वेळा पोकळीतलीच गाठ असते: ती अस्तराचे क्षेत्रफळ वाढवते, तिच्यावरच्या रक्तवाहिन्या नाजूक असतात आणि आकुंचन पावून रक्त थांबवण्याचे स्नायूचे काम तिच्यामुळे अडते. मागची मोठी गाठ नजरेत भरते, हाताला लागते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

गर्भाशयाच्या स्नायूत अस्तर शिरलेले असणे, म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, सोनोग्राफीत कधी कधी फायब्रॉइडसारखेच दिसते. त्याला कडा नसते; गाठ समजून कापायला गेले तर काढता येईल असे काही सापडतच नाही. शंका असेल तर एमआरआय करावा. इथे कडा स्पष्ट होत्या, गरज पडली नाही. वय ४५च्या पुढे, किंवा स्थूलपणा, मधुमेह, अनियमित पाळी असती तर अस्तराचा तुकडाही तपासला असता. थायरॉइड व रक्त गोठण्याच्या तपासण्या सामान्य आल्या.

रक्त भरून काढल्याशिवाय टेबलावर घेऊ नये

७.२ हिमोग्लोबिनवर ठरवून करायची शस्त्रक्रिया करणे चूक आहे, मग ती कितीही छोटी असो. लोहाची तूट अशी काढतात: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधला फरक गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. लक्ष्य १३ धरले तर ५४ × ५.८ × २.४ म्हणजे सुमारे ७५०, अधिक ५००, एकूण साडेबाराशे मिलिग्रॅम. एवढे लोह गोळ्यांनी भरायला महिने जातात, आणि दर पाळीला त्यातले बरेचसे वाहून जाते. म्हणून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज शिरेतून: पहिल्या दिवशी १००० मिग्रॅ, सलाईनमध्ये पातळ करून १५ मिनिटांत; आठवड्याने ५०० मिग्रॅ. आयर्न सुक्रोज स्वस्त आहे, पण एका वेळी २०० मिग्रॅ या हिशेबाने सहा-सात फेऱ्या होतात. कार्बॉक्सिमाल्टोजनंतर काही जणींच्या रक्तातले फॉस्फेट उतरते. आठवड्या-दोन आठवड्यांनी थकवा उलट वाढला, हाडे दुखू लागली तर ते तपासावे.

लोह चढेपर्यंत पाळी थोपवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल (१ ग्रॅम तीनदा, जास्त रक्तस्रावाच्या चार-पाच दिवसांपुरते) हा दुसरा मार्ग. पण ही दोन औषधे एकदम देऊ नयेत. जास्त मात्रेतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यावर ट्रॅनेक्झॅमिक दिले की रक्ताची गाठ बनण्याचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांत ही जोडी सर्रास दिसते, म्हणून आधी काय चालू आहे ते नीट विचारावे.

ल्युप्रोलाइडची ३.७५ मिग्रॅची मासिक इंजेक्शने पाळी बंद करतात आणि गाठ आक्रसवतात. मात्र पहिल्या दोन आठवड्यांत एकदा रक्तस्राव उफाळू शकतो, आणि गाठीभोवतीचा पदर चिकटून बसतो. पोटातून गाठी काढायच्या असतील तर सोलताना हा पदरच वाट दाखवतो. तो हरवला की शस्त्रक्रिया अवघड होते, आणि आक्रसलेल्या छोट्या गाठी राहून जातात. इथे इंजेक्शन टाळले.

पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झाले.

समोरचे पर्याय

पिशवी काढणे. रक्तस्राव कायमचा थांबवण्याची हमी फक्त याच पर्यायात आहे, आणि पुन्हा गाठ होत नाही. मूल नको असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, औषधांना दाद न मिळालेल्या बाईसाठी हा उत्तम निर्णय ठरू शकतो. गर्भाशय इथे साधारण १२ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढे आणि हलते होते, म्हणजे योनीमार्गे काढणेही शक्य होते. आधीचे सिझेरियन त्याला आड येत नाही, पण मूत्राशय जुन्या टाक्यांना चिकटलेले असते. ते बोटाने रेटून खाली ढकलायला गेले की फाटते. कात्रीने, नजरेसमोर सोडवावे आणि शंका आली तर मूत्राशयात निळे रंगद्रव्य मिसळलेले सलाईन भरून गळती पाहावी. चाळिशीच्या आतबाहेर निरोगी अंडाशय काढू नयेत; हाडे आणि हृदय दोन्ही त्याची किंमत मोजतात. बीजवाहिन्या मात्र सोबत काढणे योग्य, कारण अंडाशयाचे बरेच कर्करोग तिथून सुरू होतात. दुर्बिणीतून काढले तरी पुढचे सहा आठवडे हंडा, गॅस सिलिंडर, मूल उचलणे बंद. शारीरिक संबंधांना सहा ते आठ आठवडे विश्रांती, नाहीतर योनीच्या वरच्या टोकाचे टाके उघडू शकतात.

महाराष्ट्रात या पर्यायाला एक काळी बाजूही आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरी बुडते, कॅन्सरची भीती घातली जाते आणि तालुक्याला दुसरा पर्याय दिसत नाही. बाईंना मिळालेला एका ओळीचा सल्ला या पार्श्वभूमीवर वाचावा.

पोटातून सर्व गाठी काढणे, म्हणजे मायोमेक्टॉमी, पोट उघडून किंवा दुर्बिणीतून. गर्भाशय राहते, मोठी गाठही जाते. पण ७.४ सेंमीची गाठ मागच्या भिंतीतून सोलायची तर रक्तस्राव बराच होतो. तो कमी करण्यासाठी व्हॅसोप्रेसिन २० युनिट १०० ते २०० मिली सलाईनमध्ये विरघळवून गाठीच्या कवचात थोडे थोडे टोचतात. प्रत्येक वेळी आधी सुई ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचे आणि भूलतज्ज्ञाला सांगूनच टोचायचे. चुकून शिरेत गेले तर नाडी एकदम मंदावते, क्वचित हृदय थांबते. याचा परिणाम वीसेक मिनिटांत ओसरू लागतो, म्हणजे शिवण वेगाने झाली पाहिजे. पोट उघडून करताना गर्भाशयाच्या खालच्या भागाभोवती रबरी नळी आवळण्याची सोय असते, आणि ती स्वस्तही आहे.

खरी कसोटी शिवणीची. दुर्बिणीतून करताना रक्त थांबवायला करंटचा सढळ वापर केला, गाठीच्या जागचा खड्डा एकाच थरात कसाबसा बंद केला, की आत रक्त साचते, स्नायू मरतो आणि पुढच्या गरोदरपणात तिथेच गर्भाशय फाटू शकते. दोन किंवा तीन थरांत, खड्ड्याच्या तळापासून शिवण हवी. ज्या सर्जनला दुर्बिणीतून तशी शिवण जमत नाही त्याने पोट उघडावे, त्यात कमीपणा नाही. मागच्या भिंतीवरच्या छेदाला आतडे आणि बीजवाहिन्या चिकटतात, हे वंध्यत्वाचे नवे कारण होऊ शकते. रक्त आटोक्यात आले नाही तर पिशवी काढावी लागेल, ही लेखी संमती आधीच घ्यावी लागते. वेळ क्वचित येते, पण येते.

दुर्बिणीतून काढलेली गाठ बाहेर काढायला ती तुकडे करणाऱ्या यंत्राने बारीक करतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला: फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ३५० पैकी एका बाईत न ओळखलेला सार्कोमा (स्नायूचा कर्करोग) असू शकतो, आणि यंत्राने तो पोटभर पसरतो. इतर अभ्यासांत हे प्रमाण याहून कमी आले आहे आणि वयानुसार ते बदलते. तरीही तुकडे करायचे ते गाठ थैलीत बंद करूनच. साध्या गाठीचे सांडलेले कणही पोटात चिकटून नव्या गाठी धरतात.

गर्भाशयाच्या धमन्या बंद करणे ही शस्त्रक्रिया नाही, पण तुलना तिच्याशिवाय पुरी होत नाही. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी नेऊन ५०० ते ९०० मायक्रॉनचे कण सोडतात. १९९५ मध्ये पॅरिसच्या रावीना यांनी ही पद्धत मांडली. त्यांचा मूळ हेतू शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव कमी करणे एवढाच होता, पण काही रुग्णांना नंतर शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. ब्रिटनमधल्या फेम या चाचणीत २५४ बायकांमध्ये या पद्धतीची मायोमेक्टॉमीशी तुलना झाली. दोन वर्षांनी जीवनमानाचे सरासरी गुण शंभरपैकी ८४.६ आणि ८०.० आले, मायोमेक्टॉमी पुढे. रेस्ट या आणखी एका ब्रिटिश चाचणीत धमन्या बंद केलेल्या गटातल्या सुमारे ३२ टक्के जणींना पाच वर्षांत पुन्हा काही उपचार लागले. शस्त्रक्रिया झालेल्या गटात ४ टक्के. मूल हवे असणाऱ्या बाईला हा पहिला पर्याय म्हणून देत नाहीत. या बाईंच्या बाबतीत आणखी एक अडचण: पोकळीतली गाठ रक्तपुरवठा तुटल्यावर सडून काही आठवड्यांनी बाहेर पडते, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव घेऊन.

उरला तो योनीमार्गे, हिस्टेरोस्कोपने (गर्भाशयाच्या पोकळीत घालायच्या दुर्बिणीने), फक्त पोकळीतली गाठ काढण्याचा पर्याय. पोटावर छेद नाही, गर्भाशयाच्या पूर्ण जाडीतून छेद नाही, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी. मोठी गाठ मात्र जिथल्या तिथे राहते.

काय ठरले आणि का

‘ताई, अजून मूल हवंय का?’ या प्रश्नाला बायका समोर बसलेल्या सासूकडे किंवा नवऱ्याकडे पाहून उत्तर देतात. एकटीला विचारावे, आणि वेगळे विचारावे: सगळ्यांत जास्त त्रास कशाचा, आणि दोन वर्षांनी काय झालेले नको आहे? उत्तर स्पष्ट होते. त्रास रक्ताचा. पोटात दाब, बद्धकोष्ठता, लघवीची घाई यांपैकी काही नाही. पिशवी जायला नको.

म्हणजे मोठ्या गाठीची तक्रारच नव्हती. पोकळीला धक्का न लावणारी प्रकार ५ची गाठ काढल्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते असा भक्कम पुरावा नाही. काढण्याची किंमत मात्र ठरलेली: रक्तस्राव, चिकटणे, पुढे सिझेरियन जवळपास नक्की. ‘एकदा भूल दिलीच आहे तर सगळेच काढून टाकू’ हा युक्तिवाद नातेवाइकांना पटतो, सर्जनलाही मोह पडतो. इथे तो नाकारला.

हिस्टेरोस्कोपीची अवघडता मोजण्याची लास्मार गुणपद्धत आहे. आकार २ ते ५ सेंमी: १. जागा मध्यभागी: १. पाया भिंतीच्या एक-तृतीयांशाहून कमी: ०. स्नायूत निम्म्यापेक्षा कमी शिरकाव: १. बाजूची भिंत नाही: ०. एकूण ३, चारपर्यंत सोपी मानतात. गाठीमागे ५ मिमीपेक्षा कमी स्नायू असता तर हा मार्गच सोडावा लागला असता.

शस्त्रक्रिया

तीन तास आधी मिसोप्रोस्टॉल ४०० मायक्रोग्रॅम योनीत, ग्रीवा मऊ होण्यासाठी. कमरेतून भूल. बायपोलर रिसेक्टोस्कोप (करंटच्या तारेने कापणारा हिस्टेरोस्कोप), जाडी २६ फ्रेंच, म्हणून ग्रीवा हेगारच्या १० क्रमांकाच्या सळईपर्यंत उघडली. पोकळी फुगवायला साधे सलाईन, दाब पाऱ्याच्या १०० मिमीच्या आत.

अनेक छोट्या रुग्णालयांत अजून जुना मोनोपोलर रिसेक्टोस्कोप आहे, त्याला सलाईन चालत नाही, १.५ टक्के ग्लायसीन लागते. कापलेल्या शिरांतून ते रक्तात शिरते. दर लिटरमागे रक्तातले सोडियम सुमारे १० एककांनी उतरते, मग मळमळ, गोंधळ, झटके, मेंदूला सूज. म्हणून ग्लायसीनची तूट, म्हणजे परत न आलेला भाग, १००० मिली झाली की थांबायचे, गाठ उरली असली तरी. सलाईनमध्ये सोडियम उतरत नाही, पण फुप्फुसात पाणी भरू शकते. निरोगी तरुण बाईत मर्यादा २५०० मिली. कमरेतून भूल दिलेली बाई बोलत असते, तिची बडबड बदलली की भूलतज्ज्ञाला लगेच कळते. तुटीचा हिशेब आत गेलेले वजा परत आलेले असा, दर दहा मिनिटांनी, मोठ्याने. जमिनीवर सांडलेले पाणी धरले नाही तर तूट फुगून दिसते आणि शस्त्रक्रिया विनाकारण थांबते. उलट चूक जास्त महाग: बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा थोडे जास्तच द्रव असते, त्यामुळे खरी तूट कागदावरच्या तुटीपेक्षा मोठी असू शकते.

तार नेहमी सर्जनच्या दिशेने येतानाच करंट द्यायचा, पुढे ढकलताना कधीही नाही. पांढरी, टणक गाठ पापुद्र्यांनी कापत आणायची. गुलाबी, मऊ, रक्ताळणारा स्नायू दिसला की गाठीची सीमा आली. स्नायूतला भाग खोदून काढायचा नाही. दाब क्षणभर कमी केला की गर्भाशय आकुंचन पावून तो स्वतःच पोकळीत ढकलतो. करंट चालू असताना भिंत आरपार गेली तर तिथेच थांबून पोटात दुर्बीण घालून आतडे तपासावे लागते. ‘बघू उद्या’ म्हटले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगते. नळीतली हवा आधी काढून टाकायची आणि टेबल डोक्याकडे झुकवायचे नाही, नाहीतर हवा शिरांतून हृदयाकडे जाते.

३५ मिनिटे लागली, तूट ६५० मिली. गाठ एकाच बैठकीत पूर्ण निघाली. प्रकार २ची, तीन-चार सेंमीपेक्षा मोठी असती तर दोन बैठका लागतील हे आधीच सांगून ठेवले असते. संध्याकाळी बाई चालू लागल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी. ऊतक तपासणीत साधा लिओमायोमा, म्हणजे फायब्रॉइडच, संशयास्पद पेशी नाहीत.

पुढे

पहिली पाळी पाच दिवस, गुठळ्या नाहीत. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१, तोंडाने लोह तोवर चालू. दीड महिन्याने बाह्यरुग्ण विभागात बारीक हिस्टेरोस्कोपने पोकळी पाहिली, भिंती चिकटलेल्या नव्हत्या. समोरासमोरच्या दोन भिंतींवरच्या गाठी एकाच बैठकीत काढल्या असत्या तर ही भीती मोठी असती.

गर्भधारणेसाठी अडीच-तीन महिन्यांनंतर हरकत नाही. पोटातून मोठी गाठ काढली असती तर निदान सहा महिने थांबावे लागले असते. गरोदर राहिल्यास मागची गाठ चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक दुखू शकते, कारण ती वाढताना तिचा रक्तपुरवठा अपुरा पडतो. त्यावर विश्रांती आणि पॅरासिटामॉल. त्या वेळी शस्त्रक्रिया करायची नाही, आणि सिझेरियन करताना हाताशी आली म्हणून ती काढायचीही नाही. मूल नको असे ठरले, तर पोकळी आता सरळ असल्याने ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असलेली तांबी बसवता येते. आधी बसवली असती तर गाठीने ती ढकलून पाडली असती.

मागच्या गाठीची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. शौचाला अडथळा, कमरेत सतत दाब, मूत्रपिंडाला सूज, किंवा वाढता वाढता ती पोकळीकडे सरकली, तर पोटातून काढण्याचा विचार होईल. रजोनिवृत्तीनंतर ती लहान होण्याऐवजी वाढली तर थांबायचे नाही, तो कर्करोगाचा संशय. नवीन गाठी येऊ शकतात. पण पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ त्यातल्या थोड्या जणींवरच येते. पाळी पुन्हा सात दिवसांच्या पुढे गेली, तर आधी पाळीच्या आठव्या दिवशी सलाईन सोडून पोकळी पाहायची. शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतर.